आधी गोळी कोणी झाडली?

मे १९७७ मध्ये अमेरिकेत लागलेला 'स्टार वॉर्स' आणि पुढे डिस्कवर विकला गेलेला 'स्टार वॉर्स' हे एकच चित्रपट नव्हेत, हे त्याच्या चाहत्यांचं जुनं गाऱ्हाणं. मूळ चित्रपटात हान सोलो गुत्त्यातल्या टेबलाखालून गोळी झाडून ग्रीडोला उडवतो. १९९७ मध्ये जॉर्ज लुकास यांनी 'स्पेशल एडिशन' काढली. तिच्यात आधी ग्रीडो गोळी झाडतो, आणि समोरासमोर बसून त्याचा नेम चुकतो! शिवाय संगणकावर बनवलेले नवे प्राणी जागोजागी घुसवले. त्यानंतर मूळ आवृत्ती बाजारातून उठलीच. २००६ मध्ये ती डीव्हीडीबरोबर जोड म्हणून दिली, पण १९९३ च्या लेसरडिस्कच्या मास्टरवरून उतरवलेली, धूसर.

गंमत म्हणजे याच लुकास यांनी मार्च १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली होती. कृष्णधवल चित्रपटांना रंग चढवण्याचं खूळ तेव्हा जोरात होतं. मालकी हातात आहे म्हणून जुन्या कलाकृतीत फेरफार करू नयेत, लोकांचं हित मालकाच्या वर आहे, असा त्यांचा मुद्दा होता. चाहत्यांनी तोच उचलून त्यांच्यावर उलटवला.

२०१० च्या सुमारास झेक प्रजासत्ताकातल्या एका चाहत्याने वेगवेगळ्या डिस्क आणि फिल्मवरून मिळालेली दृश्यं जोडून १९७७ चा चित्रपट पुन्हा उभा केला. नाव ठेवलं 'डिस्पेशलाइज्ड एडिशन'. पुढे आणखी काही जणांनी जुनी ३५ मिमी प्रिंट मिळवून तिचं स्कॅन केलं. एकेक फ्रेम साफ करायची, तीही फुकट! अट एकच: ज्याने अधिकृत डिस्क विकत घेतली आहे त्यानेच ही उतरवून घ्यावी.

ही अट मला प्रामाणिक वाटते. कायद्यापुढे मात्र ती टिकत नाही, आणि खरी अडचण वाटपाच्या वाटेत आहे. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटोरंटमध्ये फाइलचे बारीक तुकडे होतात आणि घेणारा घेता घेताच ते दुसऱ्याला देतही असतो. म्हणजे पंगतीत बसलेला प्रत्येकजण जेवता जेवता वाढपीही! 'मी फक्त पाहिला' असं म्हणायची सोय तिथे नाही. आपल्या कपाटात डिस्क असेल, पण आपण ज्याला वाढलं त्याच्याकडे आहे का, हे कोण विचारणार? मे २००५ मध्ये 'रिव्हेंज ऑफ द सिथ' प्रदर्शित होतो न होतो तोच याच वाटेने जगभर गेला आणि 'एलीट टोरंट्स' या साइटला एफबीआयने टाळं ठोकलं. नव्या सिनेमाची ती उघड चोरी होती. तिला आणि १९७७ च्या प्रिंटला एका मापाने मोजायला माझं मन तयार नाही, पण दोन्हींची वाट एकच होती हेही खरं.

आपल्याकडे जुन्या मैफलींच्या खाजगी ध्वनिफिती रसिकांत हातोहात फिरल्या, तेव्हा परवानगी कोणी विचारली होती? केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाला फारशा राजी नसत. त्यांच्या गाण्यावर रसिकाचं प्रेम कितीही असलं तरी तो नकार मला मोठा वाटतो, कारण जे त्यांनी लोकांच्या हाती दिलंच नव्हतं ते मागायचा हक्क कुणाला नव्हता. लुकास यांचं तसं नाही. त्यांनी चित्रपट तिकीट लावून जगाला दाखवला, जगाने तो पाठ केला, आणि मग ते म्हणाले की तुमच्या आठवणीतला तो नव्हेच. इथे माझं माप चाहत्यांकडे झुकतं. डिस्क विकत घेणाऱ्यांकडे, हं! फुकट्यांकडे नव्हे.

लुकास यांनी २०१२ मध्ये आपली कंपनी डिस्नेला विकली. जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जपलेली १९७७ ची प्रिंट पडद्यावर दाखवली. हानने तिथे आधी गोळी झाडली.