शोभारॉक

'उस्फ्रेट' हा अल्बम कोणत्या कप्प्यात ठेवायचा, हा प्रश्न 1988 पासून सुटलेला नाही. जॅझवाले त्याला 'वर्ल्ड म्युझिक'कडे ढकलतात. रॉकवाल्यांना त्यात गिटारचा धुमाकूळ सापडत नाही. आणि ठुमरीचे रसिक, ज्यांनी खरे तर तो सगळ्यांत आधी ऐकायला हवा, त्यांच्यातल्या बहुतेकांना तो अस्तित्वात आहे हेही ठाऊक नसते. जर्मनीतल्या सीएमपी नावाच्या छोट्या कंपनीने तो काढला. अल्बम त्रिलोक गुर्टूचा; तबला, ड्रम आणि हाताला येईल ते तालवाद्य वाजवणाऱ्या या मुंबईच्या माणसाचा स्वतःच्या नावावरचा पहिलाच. त्यातल्या पहिल्या रचनेचे नाव 'शोभारॉक'. शोभा म्हणजे त्याची आई.

माझे म्हणणे एवढेच, की हा अल्बम मुलाच्या नावावर असला तरी त्याचा कणा आईचा आहे.

शोभा गुर्टू 1925 साली बेळगावात जन्मल्या, माहेरच्या भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई नर्तकी होत्या आणि अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांचे गाण्याचे शिक्षण झालेले. भानुमतीला पहिली तालीम कोल्हापुरात खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे मिळाली. ठुमरी-दादरा आला तो घम्मन खाँ यांच्याकडून, जे मेनकाबाईंना शिकवायला त्यांच्या घरी राहायला आले होते. लग्न विश्वनाथ गुर्टूंशी. सासरे नारायणनाथ गुर्टू बेळगावच्या पोलीस खात्यातले वरिष्ठ अधिकारी, पण सतार वाजवणारे. म्हणजे सासर काश्मिरी आडनावाचे, गाव मराठी-कानडी, गायकी जयपूर-अत्रौलीची आणि ठुमरी पूरबची. या बाईंना पुढे जे जे मिसळायला लागले, ते घरात आधीच मिसळलेले होते.

मी म्हैसूरला राहतो. इथे उत्तर कर्नाटकातल्या हिंदुस्थानी गवयांची यादी लोकांना पाठ असते: मन्सूर, गंगूबाई, भीमसेन, कुमार. बेळगाव जिल्हा 1956 साली म्हैसूर राज्यात आला (त्या वादाबद्दल मराठी वाचकाला मी काय सांगणार), पण शोभाबाई काही त्या यादीत आल्या नाहीत. त्या मुंबईच्या झाल्या होत्या. आणि ठुमरीला ख्यालाच्या पंगतीत पाट मिळत नाही, हे दुसरे कारण मला अधिक खरे वाटते. 1987 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी हा अल्बम आला. बाई तेव्हा 63 वर्षांच्या. त्या वयात, त्या मानमरातबानंतर, एखादी गायिका इलेक्ट्रिक बासच्या शेजारी उभी राहायला नकार देती तर कोणी तिला दोष दिला नसता.

तसे हे त्यांचे पहिले धाडस नव्हतेच. 1977 साली एम्ब्रियो या जर्मन टोळीच्या 'अपो-कॅलिप्सो'त माय-लेक दोघे आहेत. पण तिथे ते पाहुणे होते. इथे माणसे त्रिलोकने जमवली आणि ती साधी नव्हती: ट्रम्पेटवर डॉन चेरी, ऑर्नेट कोलमनच्या क्रांतीतला शिलेदार, गिटारवर राल्फ टाउनर, व्हायोलिनवर एल. शंकर, 'शक्ती'तला, बासवर स्वीडनचा योनास हेलबोर्ग, पियानोवर फ्रान्सचा डॅनियल गोयोन.

या मंडळींमागे एक लॅटिन धागा आहे, तो सांगितला पाहिजे. डॉन चेरी, अमेरिकन सतारिया कॉलिन वॉलकॉट आणि ब्राझीलचा नाना वास्कोन्सेलोस या तिघांचे 'कोडोना' हे त्रिकूट. वॉलकॉटने सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखाँकडे शिकलेला. नाना बेरिम्बाऊ वाजवायचा; धनुष्याला एक तार, खाली भोपळा, आपल्या एकतारीची लांबची बहीणच म्हणा. 1984 साली वॉलकॉट मोटार अपघातात गेला. 'ओरेगॉन' या त्याच्या दुसऱ्या चमूतली त्याची जागा पुढे त्रिलोकने घेतली, आणि टाउनर त्याच चमूतला. त्यामुळे 'उस्फ्रेट'मध्ये ब्राझीली वादक नसला तरी तालवाद्याने केवळ ठेका न धरता रंग भरायचा, ही ब्राझीलची शिकवण तिथे आहेच. तीन वर्षांनी 'लिव्हिंग मॅजिक'मध्ये तर नाना स्वतःच आला.

त्रिलोकचे घडणेही मजेशीर. मुंबईत तो पाश्चात्य रेकॉर्डी ऐकायचा तेव्हा एकावर एक थर चढवून ध्वनिमुद्रण करतात हे त्याला माहीत नव्हते. जे ऐकू येते ते सारे एकच माणूस वाजवतो असे समजून तो तसे वाजवायला शिकला. जमिनीलगत बसून, ड्रमच्या मध्ये तबला मांडून, पाण्याच्या बादलीत झांज बुडवून तिचा सूर वाकवणारा वादक अशा गैरसमजातूनच होऊ शकतो.

आता 'शोभारॉक'. अशा मिश्रणांत भारतीय आवाज बहुधा धुपासारखा वापरतात: दोन आलाप, थोडा सुवास, आणि मग खरे काम गिटार-ड्रमकडे. इथे तसे होत नाही. हेलबोर्गचा बास जड आहे, त्रिलोक चौफेर आहे, तरी आवाज आपली जागा सोडत नाही. शोभाबाईंचा आवाज कधीच रेशमी नव्हता. तो भरदार, किंचित खरखरीत, पुकार असलेला. ठुमरीत एकच शब्द दहा तऱ्हांनी विनवायचा, रुसवायचा, टोमणा मारायचा असतो. ही सवय असलेल्या गळ्याला रॉकच्या ठेक्याची भीती वाटण्याचे कारण नव्हते. दादऱ्याच्या शेवटी लग्गी लागली की तबला सैल सुटतो आणि गायिका धरून राहते. 'शोभारॉक'मध्ये मला तोच करार ऐकू येतो, फक्त तबल्याच्या जागी सगळा बँड आहे.

त्या मानाने नुसत्या वाद्यांच्या काही जागा मला आज थोड्या काळात अडकलेल्या वाटतात. ऐंशीच्या दशकातल्या कीबोर्डांचा चकचकीतपणा लपत नाही. पण आवाज आला की दशक विसरायला होते.

म्हैसूरच्या श्रोत्याला हा अल्बम परका वाटू नये. बंगळुरूच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनचा चार्ली मारियानोबरोबरचा 'ज्योती' (1983) इथल्या काही घरांत अजून जपलेला आहे. आणि ज्याला लंडनमध्येही फारसे कोणी विचारत नव्हते, त्या रशियन मेटनरच्या रचना ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून चाळीसच्या दशकात पैसे दिले ते इथल्याच जयचामराजेंद्र वाडियारांनी. मेटनरने आपला तिसरा पियानो कन्चेर्तो त्यांनाच अर्पण केला. आमच्या शेजारी वीणा शिकवणारे एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांना मी 'शोभारॉक' ऐकवले. ते शेवटपर्यंत मांडीवर हाताने ताल मोजत राहिले, आणि संपल्यावर विचारले ते ड्रमबद्दल नाही, "बाई कुठल्या?" बेळगावच्या, म्हटल्यावर म्हणाले, "मग आम्हाला कोणी सांगितले कसे नाही?"

शोभाबाईंना 2002 साली पद्मभूषण मिळाले, 2004 साली त्या गेल्या. त्यांची ओळख करून देताना ठुमरीबरोबर 'मैं तुलसी तेरे आँगन की'मधले 'सैंया रूठ गये' निघते, 'उस्फ्रेट' सहसा निघत नाही. दोन्ही एकामागून एक लावून पाहावे. आधी ते 1978 चे चित्रपटगीत, मग 'शोभारॉक'. मध्ये दहा वर्षे आहेत आणि सगळा साज बदललेला आहे. गळा मात्र त्याच ठिकाणी थांबतो, त्याच ठिकाणी श्वास घेतो.