गुणगुणीचं कुळ

ऊर्जानगरच्या वीजकेंद्राची वीज थेट मुंबईच्या दाराशी नेणारी एक वाट आहे: चंद्रपूर ते पडघे, ७५२ किलोमीटर, ±५०० केव्ही डीसी. १९९९ पासून हिच्यावरून १५०० मेगावॅटपर्यंत वीज जाऊ शकते. पण एसीची डीसी करताना कन्व्हर्टर करंट सलग लाटेनं घेत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी घेतो. बारा पल्सच्या रचनेत त्यातून मुख्यतः अकराव्या आणि तेराव्या पटीची, म्हणजे ५५० आणि ६५० हर्ट्‌झची हार्मोनिक्स उठतात. यार्डातले फिल्टर ती जिरवतात. उरली किती, हे मोजायचं कसं?

जुनी रीत गणितज्ञ फुरियेची. लाटेचा तुकडा कापायचा आणि त्यात कोणता सूर किती ते पाहायचं. तुकडा ५० हर्ट्‌झ धरून कापलेला, ग्रिड ४९.९ वर आली की एका सुराचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यात सांडतो.

दुसरी रीत वीजवाल्यांच्या घरची नव्हे. १९६० साली स्टॅनफर्डच्या बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी ती मांडली. तानपुरा लावतो तशीच: अंदाजानं सूर धरायचा, फरक ऐकायचा, फरकाच्या मानानं मणी सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. इथं मण्याच्या जागी आकडे असतात, त्यांना ‘वजनं’ म्हणतात.

१९७५ साली विड्रो आणि सहकाऱ्यांनी हीच युक्ती ईसीजीवर वापरून दाखवली. हृदयाच्या रेघेवर घरच्या विजेची गुणगुण चढते. त्यांनी भिंतीवरच्या प्लगमधून नमुन्याची लाट घेतली, दोन वजनं जुळवून हुबेहूब गुणगुण तयार केली आणि रेघेतून वजा केली. हृदय स्वच्छ उरलं. काम झाल्यावर वजनांकडे कोण पाहतो?

वीजवाल्यांनी पाहिलं. त्या दोन वजनांत गुणगुणीची उंची आणि कला (फेज), दोन्ही लिहिलेली होती. ओडिशाचे पी. के. दाश आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रत्येक हार्मोनिकला अशी एकेक जोडी देऊन ती चालत्या लाटेतच टिपायची पद्धत मांडली. डॉक्टरांचा कचरा तो इंजिनिअरांचा माल ठरला.

या रीतीच्या घरात भांडण मात्र जुनंच: दर वेळी वजनं किती सरकवायची, म्हणजे पाऊल केवढं टाकायचं. पाऊल मोठं टाकलं की वजनं थरथरतात. लहान टाकलं की पोलाद वितळवणारी आर्क फर्नेस भडकून, लाट बिघडवून शांत होते तरी गणित वाटेतच. पुढं जन्मलेली या रीतीची बरीचशी भावंडं याच एका प्रश्नावर भांडतात: मणी किती सरकवायचा?