परभणी जिल्ह्यातील संगणक व इलेक्ट्रॉनिक्स पदवीशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

परभणी जिल्ह्यातील संगणकविषयक पदवीशिक्षणाचा विचार विद्यापीठांच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही. निजामी राजवटीत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे (१९१८) माध्यम उर्दू होते. त्यामुळे येथील मराठी विद्यार्थ्यापुढे अंतर आणि भाषा असे दोन अडसर उभे असत.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तरी परभणीहून ते रेल्वेने सुमारे १७५ किलोमीटर दूर होते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले आणि हे अंतर सुमारे ६० किलोमीटरवर आले. संलग्न महाविद्यालयांतून बी.एस्सी. पदवीसाठी संगणकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स हे विषय, तसेच बी.सी.ए.सारखे अभ्यासक्रम उपलब्ध झाले. पहिला अडसर अशा रीतीने बराच दूर झाला.

दुसरा मात्र रूप बदलून उरला. उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. शाळेत मराठीतून गणित शिकलेल्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंग, परिपथ व ग्राफिक्स यांतील संकल्पना इंग्रजीतूनच आत्मसात कराव्या लागतात. तर्कक्षमता असूनही तो परिभाषेपाशी अडखळतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) मातृभाषेतील उच्च शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. तो प्रत्यक्षात यावयाचा असेल, तर महाविद्यालयांच्या संख्येइतकेच मराठी पाठ्यपुस्तकांकडेही लक्ष देणे अगत्याचे ठरते.