अमानुल्लाखानांच्या सुधारणा : एका रूढ मताची फेरतपासणी

अफगाणिस्तानचे राजे अमानुल्लाखान यांच्या कारकीर्दीविषयी (१९१९–१९२९) एक मत दीर्घकाळ रूढ आहे. युरोपचा प्रवास करून परतलेल्या या राजाने पुरुषांच्या डोक्यावर हॅट चढविली, स्त्रियांच्या तोंडावरील बुरखा उतरविला, आणि म्हणून धर्मनिष्ठ प्रजेने त्यास पदच्युत केले, असे हे मत होय. ते सर्वस्वी खोटे नाही. तथापि घटनांचा कालानुक्रम तपासला असता ते अपुरे असल्याचे दिसून येते.

अमानुल्लांचे आजोबा अमीर अब्दुर रहमान यांना १८९३ नंतर इंग्रजांकडून वर्षास १८ लक्ष रुपये मिळत. शस्त्रे व सैन्य यांचा भार त्यामुळे बराच हलका होई. १९१९ च्या युद्धानंतर अमानुल्लांनी परराष्ट्रीय कारभाराचे स्वातंत्र्य मिळविले, पण त्याबरोबरच हे अर्थसाहाय्यही कायमचे बंद झाले. त्यांची लोकप्रियता आणि त्यांची आर्थिक अडचण या दोहोंचा उगम अशा रीतीने एकाच घटनेत आहे.

याच अडचणीत त्यांनी सुधारणांचा विस्तृत कार्यक्रम हाती घेतला. १९२१ मध्ये काबूल येथे मुलींची शाळा निघाली. पुढे फ्रेंच व जर्मन शिक्षकांच्या साहाय्याने नवी विद्यालये स्थापन झाली. १९२३ च्या राज्यघटनेने गुलामगिरी निषिद्ध ठरविली. काबूलजवळ दारुल अमान या नव्या राजधानीचे बांधकाम सुरू झाले. या सर्वांस पैसा हवा होता, व तो बव्हंशी शेतकऱ्याकडूनच येणे प्राप्त होते. पूर्वी धान्यरूपाने घेतला जाणारा सारा आता रोख द्यावा लागू लागला. सैन्यभरतीची रीतही पालटली. पूर्वी दर आठ पुरुषांमागे एक सैनिक द्यावयाचा असे, व तो कोण हे टोळीतील वडीलधारी मंडळी ठरवीत. आता ओळखपत्रांच्या आधारे चिठ्ठ्या टाकून सरकारच त्याची निवड करू लागले. शासन व प्रजा यांमधील मध्यस्थाचे स्थान टोळीप्रमुखाच्या हातून निसटले, हा या बदलाचा खरा अर्थ होय.

१९२४ मध्ये खोस्त प्रांतात मंगल टोळीने बंड केले. विवाहविषयक नवे कायदे व सैन्यभरती ही त्याची प्रमुख निमित्ते होती. त्या वर्षी भरलेल्या लोया जिर्ग्यात, म्हणजे देशातील प्रमुखांच्या महासभेत, राजास अनेक तरतुदी मागे घ्याव्या लागल्या. बंड मोडण्यास १९२५ उजाडले. युरोपच्या प्रवासास ते मुंबईहून जहाजाने निघाले ते १९२७ च्या डिसेंबरात. अर्थात, हॅट आणि कोट यांचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वी तीन वर्षे विरोधाचे स्वरूप स्पष्ट झाले होते.

परतल्यावर अमानुल्लांनी सावधगिरी वाढविली नाही, उलट वेग वाढविला. १९२८ च्या पगमान येथील जिर्ग्यास आलेल्या प्रतिनिधींना काळे कोट व पाटलोणी घालाव्या लागल्या; सैनिकी सेवेची मुदत दोन वर्षांवरून तीन वर्षांवर गेली; राणी सुरय्या यांनी जाहीररीत्या बुरखा दूर केला. नोव्हेंबरात शिनवारी टोळीने जलालाबादच्या बाजूने उठाव केला, तर उत्तरेकडून हबीबुल्ला कलकानी (बच्चा-इ-सक्काओ) काबूलवर चालून आला. सैन्य याच काळात अल्प वेतनामुळे असंतुष्ट होते व ते टिकाव धरू शकले नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. १९२९ च्या जानेवारीत अमानुल्लांनी बहुतेक वादग्रस्त सुधारणा रद्द केल्या. परंतु त्याने बंड शमले नाही. थोड्याच दिवसांत, १४ जानेवारीस, त्यांना गादी सोडावी लागली. गाऱ्हाणे केवळ पोशाखाचे असते, तर या माघारीचा काही तरी परिणाम दिसावयास हवा होता. धर्माने असंतोषास भाषा पुरविली, हे निर्विवाद आहे. परंतु कर, भरती आणि टोळ्यांच्या स्वायत्ततेवरील आक्रमण यांनी तो असंतोष पोसला होता.

तुर्कस्तानशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मुस्तफा केमाल हे विजयी सैन्याचे सेनापती होते, आणि ऑटोमन शासनयंत्रणेचा वारसा त्यांना लाभला होता. अमानुल्लांनी केमालांचे कायदे डोळ्यांपुढे ठेवले. त्या कायद्यांमागील बळ मात्र त्यांच्यापाशी नव्हते. पुढे १९५९ मध्ये पंतप्रधान दाऊद यांच्या काळात काबूलमध्ये राजघराण्यातील स्त्रिया बुरख्याविना लोकांसमोर आल्या. त्याच वर्षअखेर कंदाहारात दंगल उसळली, पण ती सैन्याने मोडून काढली व सुधारणा टिकली. त्या वेळी सोव्हिएत साहाय्याने सज्ज झालेले सैन्य शासनाच्या हाती होते, आणि बुरखा टाकण्याची सक्तीही नव्हती.

अमानुल्लांच्या अपयशावरून अफगाण समाज परिवर्तनास मूलतः अपात्र होता, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच युक्त नव्हे. समाजाकडून नवे कर, नवी सेवा व नवा आचार ही तिन्ही एकाच वेळी मागणाऱ्या राज्यसंस्थेने त्या मागणीच्या प्रमाणात आपले सामर्थ्य वाढविले होते काय, हा इतिहासाभ्यासकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न होय. अमानुल्लांच्या बाबतीत त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते.