हँडबिल ते पिक्सेल: क्लासची जाहिरात बावड्याच्या घराघरात कशी शिरली

पोस्ट लांब आहे. यंदा ज्यांच्या घरात दहावी-बारावीचं पोरगं आहे त्यांनी सवडीनं वाचा, बाकीच्यांनी वाचली तरी हरकत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या बावड्यात (कसबा बावडा नव्हे, गगनबावडा) मला एकच प्रश्न दहा जणांनी दहा तऱ्हेनं विचारलाय. "सर, आमच्या घरात बारावीचं पोरगं हाय हे त्या क्लासवाल्यास्नी कसं कळतंय? फेसबुक उघडलं की तेच, यूट्यूब लावलं की तेच." मोबाईल आपलं बोलणं चोरून ऐकतो असं बहुतेकांनी ठरवूनच टाकलंय. मला विचाराल तर त्याला ऐकायची गरजच पडत नाही. त्यापेक्षा साधी आणि जुनी युक्ती आहे, आणि ती समजून घ्यायला जरा मागं जावं लागतं.

शिक्षणासाठी पालकांच्या मागं लागणं कोल्हापूरला नवं नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम काढला, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला होता. त्या काळचा रुपया! त्याआधी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, मुस्लिम आणि इतर समाजांची बोर्डिंगं निघत गेली. खेड्यातलं पोरगं शहरात शिकायला आलं तर राहणार कुठं, हा प्रश्न दरबारानं स्वतःहून सोडवला. म्हणजे पाठलाग तेव्हाही होता, पण पाठलाग करणाराच खर्च उचलत होता. हा फरक ध्यानात ठेवा.

क्लास नावाची गोष्ट मोठी झाली ती बरीच नंतर. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग-मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली आणि डॉक्टर-इंजिनिअर होणं हे शेतकऱ्याच्या घरातही बोललं जाऊ लागलं. जागा वाढल्या, त्याहून जास्त इच्छा वाढल्या. मार्कांना किंमत आली. लातूर पॅटर्नचं नाव झालं. बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एकाच पोराचा फोटो दोन-दोन क्लासच्या जाहिरातीत दिसायचा, हे माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. पोरगं एक आणि त्याला घडवणारे चार.

जाहिरात तेव्हा भिंतीवर असायची. कोल्हापूर-बावडा रस्त्याला पेंटर शिडी लावून निळ्या-लाल अक्षरांत क्लासचं नाव रंगवायचे. पेपरात हँडबिल घालून यायचं. एस.टी. च्या पाठीवर पाटी असायची. पुढं फ्लेक्स आला आणि पेंटरांची पोटं मारली गेली, तो वेगळा विषय आहे. पण या सगळ्या जाहिरातींचं एक होतं. ती भिंत सगळ्यांना सारखी दिसायची. ज्याच्या घरात शाळेत जाणारं कोणी नाही त्यालाही, ज्याच्याकडं फीचे पैसे नाहीत त्यालाही. वाचली, पुढं गेलो. भिंत काही आपल्यामागं पळत घरी येत नव्हती.

घरापर्यंत यायची ती यादी. हे सगळ्यांना माहीत आहे, उघड कोणी बोलत नाही. दहावीच्या पोरांची नावं-पत्ते शाळेतून कुणाच्या तरी ओळखीनं बाहेर पडायचे आणि निकालाच्या आधीच घरी पोस्टकार्ड यायचं. घराघरात फोन आल्यावर पत्त्याच्या जागी नंबर आला. मी गावात काही वर्षं दहावीच्या शिकवण्या घेतल्यात. माझ्याकडंसुद्धा एक जण "दोनशे नंबर हायत, देऊ का?" म्हणून आला होता, मी चहा पाजून परत पाठवला. सांगायचा मुद्दा, आजच्या सगळ्या भानगडीचं मूळ यादीत आहे. फरक एवढाच की आता यादी शाळेतून चोरावी लागत नाही. आपणच तिच्यात नाव घालतो.

आता तिकडचं ऐका. १९९४ साली अमेरिकेत नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली नावाच्या इंजिनिअरनं 'कुकी' काढली. वेबसाईटला आपण कोण ते लक्षात राहात नसे. एका पानावर वस्तू निवडली आणि दुसऱ्या पानावर गेलं की ती विसरायची. तर आपल्याच कॉम्प्युटरवर एक बारकी चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या वेळी ती वाचायची, एवढीच कल्पना. त्याच वर्षी ऑक्टोबरात वेबसाईटवरच्या पहिल्या बॅनर जाहिराती लागल्या. ही चिठ्ठी आणि ती जाहिरात यांची गाठ पडायला वेळ लागला. २००५ मध्ये पॅरिसला क्रिटिओ नावाची कंपनी निघाली, तिनं पुढं यावरच मोठा धंदा केला. मार्च २०१० मध्ये गुगलनं ही सोय सगळ्या जाहिरातदारांना खुली केली. २०१२ ला फेसबुक यात उतरलं आणि २०१५ पासून त्यांचा आजचा 'पिक्सेल' आला. यालाच रिटार्गेटिंग म्हणतात.

महाद्वार रोडला साडी बघून, भाव विचारून आपण बाहेर पडतो. दुकानदार पायरीवर येऊन ओरडतो, "ताई, दोनशे कमी करतो, या माघारी!" त्याची हाक चार दुकानांपर्यंत ऐकू येते, मग गर्दीत विरते. रिटार्गेटिंग म्हणजे ती हाक विरतच नाही. तुमच्या एस.टी. त बसते, बावड्याच्या स्टँडवर तुमच्याबरोबर उतरते आणि रात्री जेवताना परत म्हणते, "ताई, या माघारी." क्लासच्या वेबसाईटवर 'फी किती' एवढं बघून पोरगं बाहेर पडलं, तरी त्या पानावरचा पिक्सेल नोंद करतो. फेसबुकवर ही नोंद १८० दिवसांपर्यंत वापरता येते. म्हणजे डिसेंबरात चौकशी केलीत तर मे महिन्यात बारावीचा निकाल लागेपर्यंत तुम्ही त्यांच्या यादीत. आणि 'मोफत स्कॉलरशिप टेस्ट' म्हणून नंबर भरलात तर पिक्सेलचीही गरज नाही. नंबरांची यादी कंपनीला द्यायची, ती तिच्या खात्यांशी जुळवून बघते आणि जुळलेल्यांना जाहिरात दाखवते. आणखी एक पायरी आहे. या यादीतल्या माणसांसारखी दिसणारी दुसरी माणसं शोधून दे, असंही सांगता येतं. तुम्ही काहीच केलं नसेल, शेजाऱ्यानं केलं असेल, तरी जाहिरात तुमच्याकडं येऊ शकते ती अशी.

सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि हे सगळं घाट चढून वर आलं. जिथं करूळ घाटात रेंज जाते म्हणून आपण बोंबलतो, तिथंच घराघरात यूट्यूब सुरू झालं. बायजूजचं ॲप २०१५ चं. २०१७ ला शाहरुख खान, २०१९ ला भारतीय संघाच्या जर्सीवर नाव. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे म्हटलं की ही कंपनी पोरांचे आणि पालकांचे नंबर विकत घेऊन मागं लागते. कंपनीनं ते नाकारलं, आम्ही नंबर विकत घेत नाही म्हणाली. २०२४ ला तीच कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात उभी राहिली. खरंखोटं तपासायला आपण कोण, पण नंबरांची यादी हा विषय पोस्टकार्डापासून दिल्लीपर्यंत एकच आहे एवढं त्यातून दिसतं.

आता आपल्या तालुक्याचं बोलतो, कारण हे कुठल्याही मार्केटिंगच्या व्हिडिओत सांगत नाहीत.

एक म्हणजे, आपल्याकडं बऱ्याच घरांत चांगला फोन एकच. तो बापाच्या नावावर, अकाउंट बापाचं आणि रात्री अभ्यासाला पोराच्या हातात. पोरगी कोल्हापूरच्या नीटच्या क्लासची फी बघते, जाहिरात दिसते बापाला. घरात अजून विषयच निघालेला नसतो. एका घरात यावरून झालेलं भांडण मी ऐकलंय. "आम्हाला न विचारता हे ठरवलंस कधी?" पोरीनं काहीच ठरवलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं. जाहिरात माणूस ओळखत नाही, फोन ओळखते. आणि इथंच सगळे नियम घरंगळतात. फेसबुक-इन्स्टाग्रामवर १८ वर्षांखालच्या पोरांना त्यांच्या आवडीनिवडी बघून जाहिरात दाखवणं कंपनीनं २०२१ लाच थांबवलं, फेब्रुवारी २०२३ पासून तर फक्त वय आणि ठिकाण एवढंच उरलं. चांगलं आहे. पण आपल्या पोराचं वय कंपनीच्या लेखी ४५ आहे, कारण खातं बापाचं.

दुसरं, धंद्याचं. अशी यादी चालायला फेसबुकवर निदान १०० माणसं जुळावी लागतात, गुगलच्या डिस्प्ले जाहिरातींनाही महिन्याला १०० लागतात. माझ्याकडं भर हंगामात २२ पोरं असायची. जिल्ह्यातला सगळ्यात लहान तालुका आपला, त्यात पावसाळ्यात निम्मी वाट बंद. इथल्या मास्तरला १०० चौकशा कुठून मिळायच्या? म्हणजे ५५ किलोमीटरवरचा कोल्हापूरचा क्लास, पुण्याचा क्लास, कोट्याचा क्लास बावड्यातल्या पोराच्या मागं लागू शकतो, बावड्यातला मास्तर लागू शकत नाही. भिंत रंगवायच्या जमान्यात तो निदान स्वतःच्या गल्लीची भिंत रंगवू शकत होता. गावातल्या शिकवण्या का बसल्या म्हणून विचारतात, त्याची कारणं बरीच आहेत, पण त्यातलं हे एक आहे.

आज्ञापत्र लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची ही बावड्याची जहागीर. त्या १७१५ च्या ग्रंथात व्यापाऱ्यांवर एक प्रकरण आहे. साहुकार हे राज्याचं भूषण, त्यांना जपा म्हणतात, पण टोपीकर वेगळे. त्यांना व्यापार करू द्या, किनाऱ्यावर कायमची जागा देऊ नका. मला ते हल्ली सारखं आठवतं. क्लासवाल्याला जाहिरात करू नको असं माझं म्हणणं नाही. शिकवतो तर सांगेलच. प्रश्न त्यानं कायमची जागा कुठं मागितली याचा आहे.

कायदा काय म्हणतो? १३ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासना ती लागू. पोराचा फोटो वापरायचा तर लेखी संमती पाहिजे आणि तीही निवड झाल्यानंतर घेतलेली. त्यानं कोणता कोर्स केला, पैसे भरून की फुकट, हे सांगायला पाहिजे. 'शेवटच्या चार जागा' असली खोटी घाई चालणार नाही. हे उगाच आलं नाही. चेन्नईच्या शंकर आयएएस अकॅडमीनं २०२२ च्या यूपीएससीत ९३३ पैकी ३३६ जण आमचे म्हणून जाहिरात केली होती. प्राधिकरणानं तपासलं तर त्यातल्या २२१ जणांनी फक्त मुलाखतीचं मोफत मार्गदर्शन घेतलेलं. ५ लाखांचा दंड झाला.

पण नीट बघा, ही तत्त्वं जाहिरातीत काय लिहिलंय त्याबद्दल आहेत. ती कुणाच्या मागं किती दिवस लागते त्याबद्दल नाहीत. ते दुसऱ्या कायद्यात आहे, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात. त्याच्या कलम ९ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून जाहिरात दाखवायला मनाई आहे, मोडली तर दंड २०० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली, म्हणजे मे २०२७. तोवर दोन वर्षांची नीटची पोरं होऊन जातील. आणि मे २०२७ नंतरही तो बापाच्या खात्याचा घोळ तसाच आहे. आमदार-खासदारांना निवेदनं देताना रस्ता-पाण्याबरोबर हेही कुणीतरी लिहावं, मसुदा मी करून देतो.

तोवर हाताशी आहे ते करा. फेसबुकच्या सेटिंगमध्ये अकाउंट्स सेंटर, त्यात ॲड प्रेफरन्सेस. तिथं जाहिरात भागीदारांकडून आलेली माहिती वापरू नको असं सांगता येतं. बाहेरच्या वेबसाईटवरची जमलेली नोंदही तिथंच अकाउंट्स सेंटरमध्ये पुसता येते. अँड्रॉइडवर सेटिंग, गुगल, ॲड्स. तिथला जाहिरातीचा आयडी डिलीट करा. स्कॉलरशिप टेस्टच्या फॉर्मवर नंबर टाकायच्या आधी टेस्ट कुठल्या क्लासची आणि पास झाल्यावर फी किती उरते हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा. जाहिरातीत खोटं दिसलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५, मराठीतही बोलतात.

ज्यांना सेटिंग सापडत नाही त्यांनी रविवारी सकाळी स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर फोन घेऊन या. दहापर्यंत असतो. पासवर्ड तेवढा आठवून या, मागच्या वेळी निम्मे लोक त्यातच अडकले होते.