शिवराक, मंगसविरत आणि थाई करी

युरोपातल्या कुठल्याही मोठ्या शहरात स्वस्तात गरम भात खायचा असेल तर थाई खानावळीसारखी सोय नाही. थायलंडच्या सरकारने 2002 मध्ये 'ग्लोबल थाई' नावाची योजना काढून परदेशात थाई खानावळी वाढवायला हातभार लावला. नारळाच्या दुधातली करी, तिच्यात वांगी, बांबूचे कोंब आणि टोफू. गोमंतकीय माणसाला तर नारळाचा रोस पाहून घरचीच आठवण यावी! दुधातुपाचा मागमूस नाही, वर सगळ्या भाज्याच दिसतात. मासमासळी वर्ज्य असलेल्याला वाटते, चला, सुटलो. पण याच करीत मासळी असते, फक्त ती दिसत नाही. ही न दिसणारी मासळी ओळखायला गोव्याचा इतिहास फार उपयोगी पडतो.

हा प्रश्न केवळ हौशी प्रवाशांचा नाही. मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर जिल्ह्यात शाहपूर नावाचे गाव आहे. केळीच्या बागांचा हा मुलूख. महाराष्ट्राची हद्द जवळ असल्याने मराठी तिथे घराघरांत बोलली जाते. संत मुक्ताबाईंचे मुक्ताईनगरही तिथून लांब नाही. अशा भागातल्या माळकरी घरातला मुलगा शिकायला युरोपात गेला, तर गळ्यातली तुळशीची माळ त्याच्याबरोबर जाते आणि खिशात पैसे मात्र मोजकेच असतात. त्याला स्वस्त थाई खानावळच परवडणार. तेव्हा त्या ताटात काय आहे हे त्याला कळायला नको का?

आता इतिहासाकडे वळू. आफोन्सो द आल्बुकेर्कने 1510 मध्ये गोवा जिंकला आणि पुढच्याच वर्षी, 1511 मध्ये, मलाक्का घेतले. तिथून त्याने दुआर्त फेर्नांदिश नावाच्या दूताला अयुथ्येच्या, म्हणजे सयामच्या राजाकडे पाठवले. 1516 मध्ये सयाम आणि पोर्तुगीज यांच्यात तहही झाला. अमेरिकेतली मिरची पूर्वेकडे पसरली ती पोर्तुगीजांच्या या व्यापारामुळे. आपण मिरीवरून मिरचीला नाव दिले. थाई लोकांनीही तेच केले! त्यांच्याकडे मिरीला 'फ्रिक' म्हणत. मिरची आली आणि ते नाव तिने घेतले. बिचारी मिरी 'फ्रिक थाई', म्हणजे थाई मिरची, होऊन बसली.

याच वाटेने उलट दिशेनेही एक वस्तू आली. गोव्याचे बालशांव कोणाला ठाऊक नाही? हा शब्द मूळचा मलाक्काकडचा. मलायी भाषेत 'बलाचान' म्हणजे बारीक कोळंबीला मीठ लावून, आंबवून, कुटून केलेला लगदा. थाई लोक त्यालाच 'कापी' म्हणतात. आपल्या गालम्याचा वास ज्याला परिचयाचा आहे, त्याला कापी वेगळी समजावून सांगायला नको.

थाई करीचे वाटण करताना मिरची, लसूण, गवती चहा यांच्याबरोबर ही कापी वाटली जाते. वरून मिठाऐवजी 'नाम प्ला', म्हणजे आंबवलेल्या मासळीचे खारे पाणी, घालतात. महागड्या हॉटेलात वाटण ताजे करत असतील तर कापी वगळता येते. स्वस्त खानावळीत वाटण बहुधा डब्यातून तयार येते आणि कापी त्यात आधीच वाटलेली असते. म्हणून 'मासे घालू नका' एवढे सांगून भागत नाही.

थायलंड बौद्ध देश, मग तिथले जेवण निरामिष असणारच, अशीही एक समजूत असते. ती बरोबर नाही. भिक्षूने भिक्षेत मिळेल ते खावे, फक्त प्राणी आपल्यासाठी मारल्याचे त्याने पाहिलेले, ऐकलेले नसावे आणि तशी शंकाही नसावी, असा विनयाचा नियम आहे. आपल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्यावरून वादही ओढवला.

तरीही थाई भाषेत आपल्या कामाचे दोन शब्द आहेत. पहिला 'मंगसविरत'. नीट ऐकले तर तो मांसविरतीच! पण यात अंडी आणि दूध चालते. दुसरा 'जे'. हा चिनी लोकांबरोबर आला. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. फुकेतला दरवर्षी नऊ दिवसांचा उत्सव असतो, तेव्हा पिवळ्या निशाणांवर लाल अक्षरांत हा शब्द झळकतो. गोव्यात सोमवारी किंवा व्रताच्या दिवशी कांदा-लसूण वगळून शिवराक जेवण करणाऱ्या घरांना हे ओळखीचे वाटेल.

इंग्लंडमध्ये 'व्हीगन' हा शब्द 1944 मध्ये घडवला गेला. त्यात दूध, तूप, मध सगळेच वर्ज्य. माळकऱ्याला दूध चालते, व्हीगनाला नाही. गंमत अशी की युरोपातल्या भारतीय खानावळीत व्हीगन माणूस तूप आणि सायीला अडतो, तर थाई खानावळीत माळकरी आणि व्हीगन दोघेही एकाच कापीला अडतात!

असो. उपाय काय? युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून खानावळींनाही अन्नातल्या 14 ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. मासे, कोळंबी-खेकडे, कालवे-तिसऱ्या, अंडी, दूध ही पाचही नावे त्या यादीत आहेत. तेव्हा आधी ती माहिती मागावी. यादीत कोंबडी नाही, म्हणून रस्सा कशाच्या पाण्यात केला हे निराळे विचारावे. कच्च्या पपईची 'सोम तम' ही कोशिंबीर निरागस दिसते, पण तिच्यात सुकी कोळंबी आणि नाम प्ला असते. 'पाद थाई'त नाम प्ला आणि अंडे असते. त्यापेक्षा सोया सॉसमध्ये परतलेल्या भाज्या, टोफू आणि साधा भात मागवावा, आणि कालवांचा सॉस घालू नका असे स्पष्ट सांगावे. करी हवीच असेल तर वाटणाचा डबा दाखवा म्हणावे. व्रत आपले आहे, पैसे आपले आहेत, मग विचारायला संकोच कसला?