तलावाच्या पाण्याची प्रत

भौतिक, रासायनिक व जैविक चाचण्यांवरून ठरणारी पाण्याची योग्यता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ वापरानुसार ‘ए’ ते ‘ई’ असे पाच वर्ग करते. केवळ निर्जंतुक करून पिता येणाऱ्या ‘ए’ वर्गात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ६ मिलिग्रॅम, सामू (पीएच) ६.५ ते ८.५ लागतो. अमरावतीच्या वडाळी, छत्री तलावांना ही फूटपट्टी चालते, वऱ्हाडातल्याच लोणारला (जि. बुलढाणा) नाही. तेथील सामू १० च्या आसपास असतो, पण म्हणून ते पाणी नापास ठरवणे चूक. उल्काघाताने बनलेल्या या विवर-सरोवराचा खारा-अल्कधर्मी गुण मूळचाच आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, ते क्षारप्रिय हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळले. त्याच वर्षी लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला.